लिनस पॉलिंग: रक्त लोहचुंबकासमोर टांगणारा माणूस आणि आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरची पावडर

मागच्या पावसाळ्यात आमच्या फॅमिली ग्रुपवर एक पोस्टर आलं. हिरव्या पावडरचा डबा, बाजूला लाल रक्तपेशींचं चकचकीत चित्र आणि कोपऱ्यात काळी बेरे टोपी घातलेल्या एका हसऱ्या म्हाताऱ्याचा फोटो. मजकुराचा सूर असा की दोन नोबेल मिळवलेल्या या शास्त्रज्ञाने सिद्ध केलंय, अँटिऑक्सिडंट पोटात गेलं की फ्री रॅडिकल्स मरतात, रक्त स्वच्छ होतं आणि सिकलसेलपासून कॅन्सरपर्यंत सगळं बरं होतं.

आम्ही मूळचे गडचिरोली जिल्ह्यातले. आमच्याकडे 'सिकलसेल' हा शब्द शाळेतल्या पोरालाही माहीत असतो. माझा रिपोर्ट एएस आहे, म्हणजे मी फक्त वाहक, त्रास काही नाही. माझा मावसभाऊ एसएस आहे, त्याला आजार आहे. मावशीने दोन डबे मागवले. विकणाऱ्याने फोनवर सांगितलं की नैसर्गिक आणि केमिकल एकत्र घ्यायचं नसतं, म्हणून पोराने दवाखान्यातून मिळणारी हायड्रॉक्सियुरियाची कॅप्सूल बंद केली. सात आठवड्यांनी त्याला असह्य कळा सुरू झाल्या, हातापायांच्या हाडांत, छातीत. ॲडमिट करावं लागलं, रक्त चढवावं लागलं. आता बरा आहे. पावडरमुळेच हे झालं असं मी म्हणणार नाही. पण चालू औषध बंद झालं होतं, एवढं नक्की.

मी पुण्यात बसून फोन आणि ॲप्सवर लिहिणारा माणूस. दवाखान्याच्या बाकावर रात्री झोप येईना, म्हणून त्या फोटोतला म्हातारा कोण ते शोधत बसलो आणि चक्रावलोच. ज्याच्या नावावर ही पावडर विकली जात होती, त्यानेच १९४९ साली माझ्या मावसभावाचा आजार नेमका कुठे आहे ते शोधून काढलं होतं. त्याचं नाव लिनस पॉलिंग. तुमच्या अँड्रॉइड फोनच्या पोटात जो लिनक्स कर्नल चालतो, तो लिहिणाऱ्या लिनस टॉर्वाल्ड्सचं नाव त्याच्या आईवडिलांनी याच पॉलिंगवरून ठेवलं. म्हणजे एका अर्थाने हे नाव आपल्या खिशात आधीपासून होतं.

मग या माणसाची गोष्ट वाचत गेलो. ती सरळ नाही. आधी हा भयंकर बरोबर असतो आणि नंतर भयंकर हट्टी होतो.

औषधाच्या दुकानातला पोरगा

पॉलिंगचा जन्म २८ फेब्रुवारी १९०१ चा, अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात पोर्टलंडचा. वडील औषधविक्रेते. लिनस नऊ वर्षांचा असताना पोटातला अल्सर फुटून ते गेले. आई, लिनस आणि दोन लहान बहिणी उरल्या. आईने पोर्टलंडमध्ये घरात भाडेकरू ठेवून गाडा ओढला. तिला स्वतःला रक्ताचा आजार होता, पर्निशियस ॲनिमिया, म्हणजे शरीर बी-१२ शोषून घेऊ शकत नाही आणि रक्त पातळ होत जातं. त्या काळी त्यावर इलाज नव्हता.

तेरा वर्षांचा असताना एका मित्राने त्याला घरी एक प्रयोग दाखवला. साखर आणि पोटॅशियम क्लोरेटच्या मिश्रणावर सल्फ्युरिक ॲसिडचा थेंब टाकला, भस्सकन पेट घेतला आणि मागे काळा कोळसा उरला. तेव्हापासून गडी केमिस्ट्रीच्या नादाला लागला. (घरी करून बघू नका. खरंच नका.) गंमत म्हणजे आपल्या आजच्या गोष्टीतला मुख्य खलनायक त्याने तेव्हाच बघितला होता. तो पेट म्हणजे ऑक्सिडेशनच, फक्त प्रचंड वेगाने झालेलं.

शाळेचा दाखला मात्र त्याला मिळाला नाही. अमेरिकन इतिहासाचा कोर्स राहिला होता आणि शाळा नियम सोडायला तयार नव्हती. तो तसाच १६ व्या वर्षी ओरेगन ॲग्रिकल्चरल कॉलेजात गेला. सुट्टीत रस्त्यांच्या डांबरीकरणाची तपासणी करायचा. एका वर्षी पैसे संपले, तर कॉलेजनेच त्याला शिकवायला ठेवून घेतलं. त्याच कॉलेजात गृहविज्ञानाच्या मुलींना केमिस्ट्री शिकवताना एव्हा हेलन मिलर भेटली आणि १९२३ मध्ये दोघांचं लग्न झालं. पुढे कॅलटेकमधून १९२५ मध्ये पीएचडी, मग युरोपात जाऊन क्वांटम मेकॅनिक्स. शाळेने त्याला तो दाखला अनेक दशकांनी दिला, जगभर नाव झाल्यावर.

१९२६ च्या उन्हाळ्यात तो म्युनिकला असताना इकडे आई गेली. त्याच वर्षी बोस्टनच्या दोन डॉक्टरांनी भरपूर लिव्हर खायला दिलं की हा ॲनिमिया सुधारतो हे छापलं. थोडक्यात उशीर झाला. पॉलिंग पुढे आयुष्यभर रक्ताकडे का परत परत येत राहिला याचं उत्तर मला इथे सापडल्यासारखं वाटतं. हा माझा अंदाज, पुरावा नाही.

सुटा इलेक्ट्रॉन म्हणजे पेअरिंग मोड

पुढची गोष्ट कळायला एकच कल्पना लागते. ती समजली की फ्री रॅडिकल, हिमोग्लोबिन आणि पावडर, सगळं एका धाग्यात बसतं.

अणूंमधले इलेक्ट्रॉन जोडीने राहतात. जोडी जमली की शांत. पण एखाद्या रेणूत एक इलेक्ट्रॉन सुटा राहिला तर तो रेणू म्हणजे सतत पेअरिंग मोडवर असलेला ब्लूटूथ इअरबड. जवळ येईल त्याला चिकटणार, आणि त्याचा एक इलेक्ट्रॉन ओढून घेणार. मग ज्याचा ओढला तो सुटा, तो पुढच्याला धरणार. ही साखळी लागली की पेशीचं आवरण, प्रोटीन, डीएनए, काहीही बिघडू शकतं. अशा रेणूला फ्री रॅडिकल म्हणतात. अँटिऑक्सिडंट म्हणजे स्वतःचा इलेक्ट्रॉन देऊनही फारसा न भडकणारा रेणू, जो साखळी तिथेच थांबवतो. व्हिटॅमिन सी हे त्यातलंच एक.

सुट्या इलेक्ट्रॉनची अजून एक खोड आहे. तो छोट्या लोहचुंबकासारखा वागतो. जोडीतले दोघे एकमेकांचं चुंबकत्व रद्द करतात, सुटा असेल तर ते दिसतं. त्यामुळे एखाद्या पदार्थात सुटे इलेक्ट्रॉन आहेत का हे बघायचं असेल तर तो चुंबकाजवळ न्या. ओढला गेला तर आहेत.

आणि आता धक्का. आपण श्वासात घेतो त्या ऑक्सिजनच्या रेणूत दोन सुटे इलेक्ट्रॉन असतात. हवेतला ऑक्सिजन चुंबकाकडे ओढला जातो, हलकासा, पण मोजता येईल इतका.

पॉलिंगचं पहिलं मोठं काम अणू एकमेकांना का आणि कसे धरून राहतात यावरचं. १९३१ पासूनचे त्याचे पेपर आणि १९३९ चं पुस्तक यांवर केमिस्ट्रीची पुढची पिढी वाढली. त्याच १९३१ च्या सुमारास त्याने एक विचित्र भाकीत केलं होतं. पोटॅशियमच्या एका ऑक्साइडचं सूत्र लोक चुकीचं लिहितात, त्यात प्रत्यक्षात एक जादा इलेक्ट्रॉन घेतलेला ऑक्सिजन असला पाहिजे. तीन वर्षांनी त्याचा सहकारी न्यूमन याने चुंबकीय मोजणी करून ते खरं ठरवलं. त्या जादा इलेक्ट्रॉनवाल्या ऑक्सिजनला आज सुपरऑक्साइड म्हणतात. शरीरातला सगळ्यात जास्त चर्चेत असलेला फ्री रॅडिकल हाच. पॉलिंगने तो कागदावर पकडला तेव्हा तो शरीरात असतो हे कुणाच्या स्वप्नातही नव्हतं.

रक्त आणि चुंबक

१८४५ मध्ये मायकेल फॅरडेने वाळलेलं रक्त चुंबकाजवळ नेऊन पाहिलं होतं. रक्तात लोह असूनही ते ओढलं गेलं नाही. ओल्या, ताज्या रक्तावर करून बघायला हवं अशी नोंद त्याने करून ठेवली आणि विषय तिथेच राहिला. पुढची नव्वद वर्षं.

१९३६ मध्ये पॉलिंग आणि चार्ल्स कोरीएल यांनी तो उचलला. प्रयोग ऐकायला अगदी साधा आहे. काचेच्या नळीत रक्त घ्या, नळी संवेदनशील तराजूला टांगा, खालचं टोक ताकदवान चुंबकाच्या दोन टोकांमध्ये ठेवा आणि वजन वाढतं की कमी होतं ते बघा. ऑक्सिजन भरलेलं रक्त चुंबकापासून किंचित दूर ढकललं गेलं. ऑक्सिजन काढून घेतलेलं रक्त ओढलं गेलं. हिशोब केला तर ऑक्सिजन नसताना हिमोग्लोबिनच्या प्रत्येक लोहाच्या अणूवर चार सुटे इलेक्ट्रॉन निघाले, आणि ऑक्सिजन बसला की शून्य.

थोडं थांबून विचार करा. लोहाकडे चार सुटे, ऑक्सिजनकडे दोन सुटे, आणि दोघं भेटले की एकही सुटा उरत नाही. म्हणजे ऑक्सिजन हिमोग्लोबिनवर नुसता बॅगेसारखा लटकत नाही, तिथे खरंखुरं रासायनिक नातं जुळतं, आणि फुफ्फुसातून पायाच्या बोटापर्यंत जाऊन ते सहज सुटतंही. रोज, अब्जावधी वेळा.

हा शोध ५४ वर्षं शोभेची वस्तू होता. मग १९९० मध्ये सेइजी ओगावा यांनी दाखवलं की ऑक्सिजनवालं आणि बिनऑक्सिजनचं रक्त चुंबकासमोर वेगळं वागतं, त्यामुळे एमआरआय मशीनमध्ये मेंदूचा कुठला भाग कामाला लागलाय ते दिसू शकतं. बातम्यांमध्ये मेंदूचे लाल-पिवळे पेटलेले फोटो बघता ना, फंक्शनल एमआरआयचे? त्यांच्या मुळाशी ही टांगलेली नळी आहे.

पुढच्याच वर्षी, १९३७ मध्ये, पॉलिंगच्या गटाने गंजलेल्या हिमोग्लोबिनवरही हीच मोजणी केली. गंजलेलं म्हणजे काय? हिमोग्लोबिनमधलं लोह फेरस अवस्थेत असेल तरच ऑक्सिजन धरतं. कधीकधी त्याचा एक इलेक्ट्रॉन निसटतो, लोह फेरिक होतं आणि मग ते ऑक्सिजन धरत नाही. याला मेथहिमोग्लोबिन म्हणतात. असं रक्त चॉकलेटी दिसतं. लोखंडाच्या गेटवरचा गंज म्हणजे फेरिक लोहच, त्यामुळे गंज हा शब्द अगदीच चुकीचा नाही.

आता यातली गोम बघा. ऑक्सिजन हिमोग्लोबिनवरून उतरताना बहुतेक वेळा हात हलवत निघून जातो. पण क्वचित लोहाचा एक इलेक्ट्रॉन खिशात घालून पळतो. मागे गंजलेलं लोह राहतं आणि पळणारा ऑक्सिजन काय झालेला असतो? सुपरऑक्साइड. तोच, पॉलिंगचा १९३१ चा. निरोगी माणसातसुद्धा रोज साधारण अर्धा ते तीन टक्के हिमोग्लोबिन असं गंजतं असं मानतात. तरी आपण चॉकलेटी होत नाही, कारण लाल पेशीत दुरुस्तीवाले एन्झाइम बसलेले असतात. एक गंजलेल्या लोहाला इलेक्ट्रॉन परत देतो. दुसरा सुपरऑक्साइडला पकडून त्याचं हायड्रोजन पेरॉक्साइड करतो. तिसरा त्या पेरॉक्साइडचं पाणी करतो. यातला दुसरा, सुपरऑक्साइड पकडणारा, मॅककॉर्ड आणि फ्रिडोविच यांनी १९६९ मध्ये ओळखला, आणि तोही गाईबैलांच्या लाल रक्तपेशींमधून.

म्हणजे अँटिऑक्सिडंटचा कारखाना तुमच्या प्रत्येक लाल पेशीत आधीच चालू आहे. पोस्टरवाला हे सांगत नाही.

जाता जाता घड्याळाबद्दल, कारण नाहीतर कमेंटमध्ये विचालंच जाईल. तुमच्या स्मार्टवॉचमधला एसपीओटू सेन्सर चुंबक वापरत नाही. तो लाल आणि इन्फ्रारेड प्रकाश टाकून रंगावरून अंदाज करतो. मेथहिमोग्लोबिन दोन्ही प्रकाश जवळपास सारखेच शोषतं, त्यामुळे ते खूप वाढलं तर बोटावरचं मशीनसुद्धा ८५ च्या आसपास अडकून बसतं, खरा ऑक्सिजन कितीही असो. घड्याळावर रक्ताच्या आजाराचा निकाल लावू नका.

एका रेणूचा आजार

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन नौदलाला पाणबुडीतला ऑक्सिजन मोजणारं यंत्र हवं होतं. १९४० च्या ऑक्टोबरमध्ये पॉलिंगने ही मागणी ऐकली आणि काही दिवसांतच नमुना तयार केला. काचेचे पोकळ गोळे, बारीक क्वार्ट्झचा धागा, एक इवलासा आरसा आणि चुंबक. आसपासच्या हवेत ऑक्सिजन जास्त असेल तर चुंबक त्याला ओढतो, गोळे सरकतात, आरशावरचा प्रकाशाचा ठिपका हलतो. पुन्हा तीच युक्ती, सुटे इलेक्ट्रॉन. युद्धानंतर हे मीटर कमी दिवसांच्या बाळांच्या काचपेट्यांवर लागलं.

मग १९४५. हार्वर्डचे डॉक्टर विल्यम कॅसल एका गप्पांमध्ये सांगत होते की सिकलसेलच्या रुग्णांच्या लाल पेशी शिरेतल्या, कमी ऑक्सिजनच्या रक्तात विळ्यासारख्या वाकतात आणि ऑक्सिजन मिळाला की बऱ्याचदा परत गोल होतात. बाकीच्यांनी हे ऐकलं आणि सोडून दिलं. पॉलिंगच्या डोक्यात टकटक झाली, कारण ऑक्सिजन येण्याजाण्याने जे बदलतं ते पेशी नव्हे, हिमोग्लोबिन. मग बिघाड पेशीत नसून त्या एका रेणूतच असला पाहिजे.

हे सिद्ध करायचं काम हार्वी इटानो या तरुण डॉक्टरकडे आलं. इटानो जपानी वंशाचा अमेरिकन. १९४२ मध्ये बर्कली विद्यापीठाचं सर्वोच्च पदक त्याला जाहीर झालं तेव्हा तो ते घ्यायला हजर नव्हता, कारण सरकारने जपानी वंशाच्या लोकांना छावण्यांत कोंडलं होतं. पॉलिंग पतीपत्नी त्या कोंडण्याच्या विरोधात होते. १९४५ मध्ये त्यांनी एका जपानी वंशाच्या माणसाला बागकामाला ठेवलं तर कुणीतरी त्यांच्या गॅरेजच्या दारावर रंगाने शिव्या लिहून गेलं.

इटानो आणि साथीदारांनी निरोगी माणसाचं आणि रुग्णाचं हिमोग्लोबिन विजेच्या क्षेत्रात पळवलं. दोन्ही वेगवेगळ्या वेगाने सरकली, म्हणजे दोघांवरचा विद्युत भार वेगळा. आणि वाहकांच्या रक्तात दोन्ही प्रकार एकत्र दिसले. नोव्हेंबर १९४९ मध्ये पेपर आला. एखादा आजार एका रेणूच्या बिघाडापर्यंत नेऊन दाखवण्याची ही पहिलीच वेळ. सात वर्षांनी व्हर्नन इंग्रॅमने नेमकी जागा सांगितली, साखळीत ग्लुटामिक ॲसिड हवं तिथे व्हॅलिन आलेलं. एक अक्षर चुकलं की पासवर्ड चालत नाही, तसं.

माझ्या रिपोर्टवरचं एएस आणि भावाच्या रिपोर्टवरचं एसएस हे त्याच प्रयोगाचे वारसदार. गडचिरोली, चंद्रपूर, मेळघाट, नंदुरबार इथे आजही आधी सोल्युबिलिटीची चाचणी होते आणि ती पॉझिटिव्ह आली की हिमोग्लोबिन विजेने पळवून किंवा तत्सम पद्धतीने खात्री करतात. दवाखान्यातल्या त्या रात्री हे वाचताना अंगावर काटा आला, खोटं कशाला सांगू.

आणि इथे फ्री रॅडिकल परत येतात. सिकलचं हिमोग्लोबिन साध्या हिमोग्लोबिनपेक्षा लवकर गंजतं, त्यामुळे पेशीत सुपरऑक्साइडही जास्त. पेशी फुटतात, साधी लाल पेशी १२० दिवस जगते तर ही जेमतेम दहा-वीस दिवस. फुटलेल्या पेशीतून बाहेर पडलेलं हिमोग्लोबिन रक्तवाहिन्या सैल ठेवणाऱ्या नायट्रिक ऑक्साइडला खाऊन टाकतं. आणि नायट्रिक ऑक्साइड स्वतः कोण? तोही फ्री रॅडिकल. म्हणजे सगळे रॅडिकल वाईट आणि मारून टाका, हे गणित इथेच कोलमडतं. आपल्या पांढऱ्या पेशीसुद्धा जंतू मारायला मुद्दाम सुपरऑक्साइड बनवतात.

दोन नोबेल

हा भाग पटकन सांगतो, कारण तो सगळीकडे मिळतो. १९५१ मध्ये प्रोटीनची अल्फा हेलिक्स रचना, जी त्याला सर्दीने अंथरुणात पडलेला असताना कागदाच्या घड्या घालताना सुचली होती. १९५३ मध्ये डीएनएची तीन धाग्यांची रचना, जी साफ चुकली. १९५२ मध्ये सरकारने पासपोर्ट नाकारला म्हणून डीएनए हुकलं असं काही लोक सांगतात. मला पटत नाही. त्याच उन्हाळ्यात त्याला मर्यादित पासपोर्ट मिळाला, तो इंग्लंडला जाऊनही आला, पण डीएनएचे एक्स-रे फोटो बघायला गेला नाही. १९५४ मध्ये केमिस्ट्रीचं नोबेल.

अणुचाचण्यांविरुद्धची त्याची लढाई मात्र आपल्या विषयाला धरून आहे. किरणोत्सर्ग शरीरात शिरला की पाण्याचे रेणू फोडतो आणि हायड्रॉक्सिल रॅडिकल तयार होतात, सुपरऑक्साइडपेक्षा कितीतरी भडक. डीएनएचं बरंच नुकसान हेच करतात. वाळवंटात फोडलेल्या बॉम्बची धूळ जगभरच्या मुलांच्या हाडांत जाते हे त्याला पाठ होतं. त्याने आणि एव्हा हेलनने ११,००० हून जास्त शास्त्रज्ञांच्या सह्या गोळा करून १९५८ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाला दिल्या. १९६० मध्ये सिनेटच्या समितीने सह्या गोळा करायला मदत करणाऱ्यांची नावं मागितली. तुरुंगाची टांगती तलवार असताना त्याने ती दिली नाहीत. १९६२ सालचं शांततेचं नोबेल त्याला १९६३ च्या १० ऑक्टोबरला जाहीर झालं, नेमकं अणुचाचणी बंदीचा करार लागू झाला त्या दिवशी. कुणाशीही वाटून न घेता दोन नोबेल मिळवणारा तो आजवरचा एकटाच.

म्हणजे पोस्टरवरचं ते वाक्य खरं होतं. दोन्ही नोबेलचा व्हिटॅमिनशी काडीचा संबंध नव्हता, एवढंच.

अठरा ग्रॅम

१९६६ मध्ये आयर्विन स्टोन नावाच्या बायोकेमिस्टचं त्याला पत्र आलं, रोज भरपूर व्हिटॅमिन सी घ्या. पॉलिंग तेव्हा ६५ चा. त्याने तीन ग्रॅमपासून सुरुवात केली. सर्दी कमी झाली असं त्याला वाटलं. १९७० मध्ये व्हिटॅमिन सी आणि सर्दीवर पुस्तक काढलं आणि अमेरिकेत गोळ्यांच्या बाटल्यांवर उड्या पडल्या. पुढे तो स्वतः दिवसाला १८ ग्रॅमपर्यंत घ्यायचा. साध्या माणसाची गरज दिवसाला १०० मिलिग्रॅमच्या आतबाहेर असते. म्हणजे जवळपास १८० पट.

तो वेडा झाला होता का? नाही. युक्तिवाद ऐकला तर तुम्हीही मान डोलवाल. १९५६ मध्ये डेनहॅम हार्मन यांनी म्हातारपणामागे फ्री रॅडिकल असतील अशी कल्पना मांडली होती. बहुतेक प्राणी व्हिटॅमिन सी स्वतःच्या शरीरात बनवतात, माणसाने ती क्षमता गमावलीय. मग बाहेरून भरपूर द्यायला काय हरकत? तर्क सुंदर आहे. अडचण शरीराची. काही शे मिलिग्रॅमनंतर आतडं आणि मूत्रपिंड मिळून रक्तातली पातळी वर जाऊच देत नाहीत, उरलेलं लघवीतून जातं. सर्दीवर नंतर बरेच अभ्यास झाले. रोज घेणाऱ्यांना सर्दी होणं थांबत नाही, मोठ्यांमध्ये ती साधारण ८ टक्के कमी वेळ टिकते. अर्ध्या दिवसाचा फरक.

कॅन्सरचं प्रकरण जास्त दुःखद. १९७६ मध्ये त्याने स्कॉटिश सर्जन ईवन कॅमेरॉनसोबत पेपर छापला, व्हिटॅमिन सी दिलेले १०० रुग्ण जुन्या नोंदींमधल्या १,००० रुग्णांपेक्षा जास्त जगले असा. पण तुलना जुन्या कागदांशी होती, चिठ्ठ्या टाकून पाडलेल्या गटांशी नव्हती. मेयो क्लिनिकने १९७९ आणि १९८५ मध्ये रीतसर चाचण्या केल्या, फायदा दिसला नाही. पॉलिंगने ते कधीच मान्य केलं नाही. डोस तोंडावाटे दिला, शिरेतून नाही, हा त्याचा एक आक्षेप अगदीच पोकळ नव्हता. शिरेतून दिलं तर पातळी खरंच कितीतरी पट चढते. पण पुढे दिसलं ते असं की एवढ्या पातळीला व्हिटॅमिन सी हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करायला मदत करतं, म्हणजे अँटिऑक्सिडंटच ऑक्सिडंटचं काम करू लागतं. आणि जी-सिक्स-पी-डी एन्झाइम कमी असलेल्या माणसाला शिरेतून मोठा डोस दिला तर लाल पेशी फुटू शकतात, हिमोग्लोबिन गंजू शकतं. रक्ताचं चुंबकत्व मोजणाऱ्या माणसाचं लाडकं औषध रक्तालाच नडू शकतं.

असाच हट्ट त्याने १९६४ मध्येही दाखवला होता. जोसेफ वाइस यांनी मांडलं की ऑक्सिजन धरलेल्या हिमोग्लोबिनमध्ये आत मुळात फेरिक लोह आणि सुपरऑक्साइडच दबा धरून असतात, दोघांचं चुंबकत्व एकमेकांना रद्द करतं म्हणून दिसत नाही. पॉलिंगने लगेच विरोध केला. हा वाद रसायनशास्त्रज्ञ आजही पूर्ण मिटलेला मानत नाहीत, पण वाइस यांच्या बाजूला बरंच वजन पडलंय. सुपरऑक्साइडचं भाकीत करणाऱ्यालाच तो रक्तात बघायचा नव्हता, याचं मला राहून राहून नवल वाटतं.

एव्हा हेलन डिसेंबर १९८१ मध्ये पोटाच्या कॅन्सरने गेली. व्हिटॅमिन सी ती घेतच होती. पॉलिंग स्वतः १९ ऑगस्ट १९९४ ला, ९३ व्या वर्षी, कॅलिफोर्नियातल्या बिग सरजवळच्या आपल्या शेतघरी प्रोस्टेट कॅन्सरने गेला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये फिनलंडमधल्या २९,१३३ सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांवरच्या चाचणीचा निकाल आला होता. बीटा कॅरोटीन हे अँटिऑक्सिडंट गोळीतून घेणाऱ्यांना फुफ्फुसाचा कॅन्सर १८ टक्के जास्त झाला होता.

कॅप्सूल

दवाखान्यातून घरी आणल्यावर मावसभावाने मला विचारलं, दादा, मग फ्री रॅडिकल मारायचे की नाही? प्रश्न बरोबर होता, आणि उत्तर शोधताना मलाच हसू आलं.

त्याने बंद केलेली ती हायड्रॉक्सियुरियाची कॅप्सूल काम कशी करते माहितीये? पेशीला नवं डीएनए बनवायला एक एन्झाइम लागतं आणि त्या एन्झाइमच्या गाभ्यात एक कायमचा फ्री रॅडिकल बसवलेला असतो. तो नसेल तर एन्झाइम चालत नाही. हायड्रॉक्सियुरिया नेमका तो रॅडिकल विझवतं. अस्थिमज्जेतलं काम मंदावतं आणि त्या गडबडीत शरीर पुन्हा बाळपणीचं हिमोग्लोबिन जास्त बनवू लागतं, जे विळ्यासारखं वाकत नाही. अमेरिकेत या आजारासाठी त्याला १९९८ मध्ये मान्यता मिळाली. अधूनमधून रक्त तपासून डॉक्टर डोस ठरवतात, कारण जास्त झालं तर मज्जा फारच मंदावते.

म्हणजे पोस्टरने जे वचन दिलं होतं, फ्री रॅडिकल विझवून सिकलसेल आटोक्यात आणायचं, ते करणारी वस्तू सरकारी दवाखान्यातून फुकट मिळत होती आणि त्याने ती पावडरसाठी सोडली होती.

त्याच्या फोनवर रात्री नऊचा रिमाइंडर लावून दिलाय. ग्रुपवर मी हे सगळं तीन मेसेजमध्ये लिहिलं, मावशीने अंगठा दिला. दुसरा डबा अजून तिच्या कपाटात आहे, सील न फोडलेला. टाकून दे म्हटलं तर म्हणते, नऊशे रुपये दिलेत बाबा, कुणाला तरी उपयोगी पडेल. दिवाळीला जाईन तेव्हा मीच घेऊन येणार आहे.